अस्वलगुरुजींचे नाक

एका दाट रानात एक अस्वल राहत असे, आणि त्या अस्वलाला नाक होते. आता तुम्ही म्हणाल, नाक कोणाला नसते? मुलांनो, तोंडावर नाक सगळ्यांनाच असते. पण ज्या नाकाला चार रानांतले प्राणी लवून नमस्कार करतात, असे नाक एखाद्यालाच असते. आमच्या अस्वलाला ते होते, आणि आपल्याला ते आहे हे त्याला पक्के ठाऊकही होते. वाटेने जाताना ते नाक वर करून चाले. वारा हुंगायचा असतो म्हणून, असे ते सांगे. बाकीचे प्राणी मात्र त्याच्या पाठीमागे एकमेकांना डोळा घालून म्हणत, "चालले बघा नाक वर करून!"

त्या रानाच्या मधोमध एक प्रचंड वड होता. त्याच्या पारंब्या उतरून उतरून त्यांचीच खोडे झाली होती, आणि त्या खोडांमधल्या सावलीत रानाचे विद्यापीठ भरत असे. प्राणी त्याला कौतुकाने ‘वडपीठ’ म्हणत. सुतारपक्षी तिथे लाकडाची पारख शिकवी, सुगरण विणकाम शिकवी, आणि अस्वल शिकवी वासविद्या. वाऱ्याची एक झुळूक हुंगून कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठल्या जाळीत बिबट्या दबा धरून बसला आहे, कुठले फळ आज पिकले आणि कुठले आतून किडले, हे सांगायचे म्हणजे वासविद्या. वडपीठाचे नाव दूरवर गेले होते ते तिच्यामुळेच. दरवर्षी रान मोहरले की नदीच्या वाळूत ‘नाकाची परीक्षा’ होई. एका बाजूला वडपीठाचे शिष्य, दुसऱ्या बाजूला नदीपलीकडच्या उंबराखालच्या शाळेचे. कित्येक वर्षे वडपीठच जिंकत आले होते. जिंकून परतताना अस्वलाचे नाक इतके वर असे की त्याला पायाखालचा दगड दिसत नसे, आणि दरवर्षी ते त्याच एका दगडाला ठेचकाळे.

वासविद्येचा आरंभ मोठ्या थाटाचा असे. नव्या शिष्याची ‘उष्टावण’ होई. तुमचीही झाली असेल लहानपणी. मामाच्या मांडीवर बसून खिरीचे पहिले बोट चाटले असेल. इथे खिरीऐवजी वास. अस्वल एखादे फूल पंजात घेई, डोळे मिटून आधी स्वतः खोलवर हुंगे, आणि मग तो उष्टा वास शिष्याच्या नाकापुढे धरी. पुढे रोजच्या धड्यातही हाच रिवाज. आधी गुरुजींनी हुंगायचे, मग शिष्यांनी. गुरुजींच्या नाकाखालून आलेला वास तोच खरा वास, अशी सगळ्यांची श्रद्धा होती. हा रिवाज तेवढा लक्षात ठेवा.

आता गुण सांगितला तसा नादही सांगायला हवा. अस्वलाला धुराचा नाद होता. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की त्यातले एक धुमसते लाकूड ते ओढत आणी आणि वडाजवळच्या कपारीत राखेखाली विस्तव जपून ठेवी. धडा संपला की टेंभुर्णीच्या वाळक्या पानाची सुरळी करायची, तिचे टोक विस्तवाला लावायचे, आणि वडाला पाठ टेकून एकेक झुरका घ्यायचा. यंदा मात्र त्याला धडा संपायची वाटही पाहवेना. एका पंजात सुरळी आणि दुसऱ्या पंजात फूल, असे शिकवणे सुरू झाले. यंदाच्या नव्या शिष्यांची तर उष्टावणसुद्धा सुरळी पेटलेली असतानाच झाली.

वडाच्या मधल्या फांदीला मधमाश्यांचे पोळे होते. एके दिवशी त्यांच्यातली थोरली माशी अस्वलासमोर येऊन घोंगावू लागली.

"अस्वलदादा, राग मानू नका," ती म्हणाली. "धूर आला की घराला आग लागली, एवढंच आम्हाला जन्मापासून ठाऊक. तुम्ही सुरळी पेटवली की आमच्या साऱ्याजणी पोटभर मध पिऊन घर सोडायच्या तयारीला लागतात. पिल्लं टाकून निघायचं, धूर सरला की परत यायचं. हे रोजचंच झालंय. आम्हाला या वडाखाली राहायचंय हो, पण असं किती दिवस राहणार?"

अस्वलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"वडपीठात शिकवायला लागलो त्या दिवसापासून तुमच्या पोळ्याला पंजा लावलेला नाही मी!" ते गुरगुरले. "अस्वलानं मध सोडला, असं ऐकलंयत का कुठं? मी सोडला. आता धूरही सोडू? उद्या म्हणाल, श्वास सोडा. धूर माझा आहे आणि छातीही माझीच आहे."

"धूर तुमचाच," माशी म्हणाली. "पण वारा कुणाचा?"

अस्वलाने तिच्याकडे पाठ फिरवून नवी सुरळी वळायला घेतली. पण त्याच्या बाजूने एवढे म्हटलेच पाहिजे की मधाची गोष्ट खरी होती. डोक्यावर पोळे लोंबत असताना वर्षानुवर्षे त्याखाली बसून शिकवायचे आणि एक थेंब चाटायचा नाही, हे ज्याला जमले त्याने थोडी ऐट मिरवली तर बिघडले कुठे?

गोष्ट सभेपुढे गेली. वडपीठाचा मुख्य होता एक म्हातारा गवा. सभेत दोघांचे आवाज सर्वांत मोठे होते. त्यांतले एक साळिंदर. त्याला राग आला की काटे आणि शब्द एकदमच उभे राहत.

"धूरवाल्याला आधी रानाबाहेर काढा!" साळिंदर ओरडले. "मला तर याला नुसतं बघूनच खोकला येतो."

दुसरा आवाज कोल्ह्याचा. "आज गुरुजींचा धूर बंद करा," तो म्हणाला, "उद्या गुरुजींचं घोरणं बंद करा, आणि परवा या साळिंदराचे काटे उपटा! हक्क म्हणजे हक्क. तो एकदा गेला की परत येत नाही." मुलांनो, या कोल्ह्याने जन्मात एक झुरका घेतला नव्हता. त्याला धुराचा नाद नव्हता, भांडणाचा होता.

गव्याने दोघांचे ऐकून घेतले, मान हलवली आणि निकाल दिला. "अस्वल राहील. वडाखाली धूर नाही. झालं." गव्याला थोडक्यात बोलायची सवय होती, आणि त्या थोडक्यातच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वल तोंड पाडून बसले होते. कोल्हा त्याच्याजवळ आला. "गुरुजी, नियम काय झालाय?"

"वडाखाली धूर नाही."

"वडाखाली नाही. बरोबर. मग वडावर?"

अस्वलाचे डोळे लकाकले. थोड्याच वेळात सगळ्या रानाने पाहिले, अस्वलगुरुजी वडाच्या फांदीवर ऐसपैस बसून सुरळी ओढत आहेत. धूर आता सरळ पोळ्यातच शिरत होता. माश्यांची एकच धांदल उडाली. "मी नियम पाळतोय," अस्वल वरून म्हणाले.

गव्याने नियम बदलला, "वडावरही नाही." मग कोल्ह्याने वडाची सगळ्यात बाहेरची पारंबी शोधून काढली. "इथवर वड. याच्यापलीकडे वड नाही, मोकळं रान आहे." अस्वल त्या पारंबीला बाहेरच्या बाजूने पाठ लावून बसले, शिष्य आतल्या बाजूला बसले, आणि वर्ग सुरू झाला. वाऱ्याला काही पारंबी दिसत नव्हती. तो धूर उचलून थेट आत आणत राहिला. थोरली माशी एकदा येऊन पाहून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या काहीजणी दुसरे झाड शोधायला जाऊ लागल्या.

आपण सभेला पुरून उरलो, आपले नाक राहिले, असे अस्वलाला वाटले. एक गोष्ट मात्र त्याने कोणालाच सांगितली नव्हती. हल्ली दूरचा बिबट्या त्याला बराच जवळ आल्यावर कळे. वय झाले, दुसरे काय, अशी ते स्वतःची समजूत घाली.

रान मोहरले आणि परीक्षेचा दिवस उजाडला. सारे वडपीठ नदीकडे निघाले. पुढे नाक वर करून अस्वल आणि त्याच्यामागे यंदाच्या नव्या शिष्यांची रांग. रांगेत पहिले होते मुंगूस. ते अस्वलाचे सर्वांत लाडके. गुरुजींनी सांगितले की मुंगसाला ती काळ्या दगडावरची रेघ. नदीवर उंबराखालच्या शाळेचा गुरू, एक धिप्पाड लांडगा, आपले शिष्य घेऊन आधीच येऊन बसला होता. निवाड्याला नेहमीप्रमाणे नदीकाठची म्हातारी वानरीण होती. तिने पळसाच्या पानांचे द्रोण करून त्यांत एकेक वस्तू झाकून ठेवली होती. डोळे मिटून हुंगायचे आणि नाव सांगायचे. गुरूंनी लांब बसायचे, असा परीक्षेचा नियम होता.

पहिला द्रोण लांडग्याच्या शिष्याने हुंगला आणि वानरिणीच्या कानात नाव सांगितले. मग मुंगसाची पाळी आली. त्याने एकदा हुंगले, दोनदा हुंगले, मिशा फेंदारून पुन्हा हुंगले.

"मोहाच्या फुलासारखं आहे," ते अखेर म्हणाले. "पण मोह नव्हे."

"का रे बाबा?" वानरिणीने विचारले.

"मोहाला धुराचा वास असतो. याला नाही."

लांडग्याचे शिष्य एकमेकांकडे पाहू लागले. वानरिणीने दुसरा द्रोण उचलून सशापुढे धरला. "वाळ्याची मुळी," ससा म्हणाला, "पण कच्ची आहे. पिकली की तिला धूर सुटतो." तिसरा द्रोण भेकराच्या पाडसापुढे गेला. पाडस बराच वेळ हुंगत राहिले आणि काळजीने म्हणाले, "करवंदीचं फूल आहे, पण आजारी आहे बिचारं. याचा सगळा धूर गेलाय."

आता वानरिणीला काही राहवेना. वाळूत कुठूनशी वाहत आलेली एक जळकी काटकी पडली होती. ती तिने रिकाम्या द्रोणात टाकली आणि तिघांच्या नाकांपुढे धरले. तिघांचेही चेहरे उजळले.

"मोह!" मुंगूस ओरडले.

"वाळा!" ससा ओरडला.

"करवंद!" पाडस आनंदाने ओरडले.

मग नदीवर जे हसू फुटले ते विचारू नका. लांडग्याचे शिष्य वाळूत लोळले. साळिंदर आपल्याच बाजूचे, पण तेही तोंड फिरवून हसले. लांडगा गंभीर चेहरा करून म्हणाला, "वा गुरुजी! एका काटकीत अख्खं रान ओळखलं हो तुमच्या शिष्यांनी."

अस्वलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कोल्हा घाईघाईने त्याच्या कानाशी लागला. "म्हणा, पोरांना पडसं झालंय. नाहीतर म्हणा, मुंगूस मुळातच मठ्ठ आहे. कुणाला काय कळतंय? नाक वाचवा, गुरुजी!"

तेवढ्यात मुंगूस धावत आले आणि अस्वलासमोर उभे राहिले. "गुरुजी, चुकलं का आमचं? तुमच्या उष्ट्या वासाला जसं होतं, तसंच ओळखलं मी."

अस्वल जागचे उठले. त्याने मोहाचा द्रोण पंजात घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून हुंगला. आधी आला तो स्वतःच्याच पंजाचा करपट वास. त्याच्यामागे मोह असेल म्हणून त्याने आणखी जोराने हुंगले. मागे काहीच नव्हते. अस्वलाला मोहाचा वास येत नव्हता! ज्या फुलाच्या नुसत्या वासावर त्याचा आजा तीन टेकड्या ओलांडून जाई, ते फूल नाकाला टेकले होते आणि नाक गप्प होते.

हे फक्त त्यालाच ठाऊक होते. द्रोण खाली ठेवून ‘पोरांना पडसं झालंय’ म्हटले असते तर सगळ्यांनी मान डोलावली असती. मुंगसानेही मान डोलावली असती, आणि आपल्याला खरेच पडसे झाले आहे असे समजून घरी जाऊन पडून राहिले असते. अस्वलाने त्या मिशांकडे पाहिले. मग ते मागच्या दोन पायांवर उभे राहिले.

"हसायचं तर इकडे बघून हसा," ते मोठ्याने म्हणाले. "या पोरांनी एकही चूक केलेली नाही. मी त्यांना ज्या वासाचा मोह दिला, तोच मोह त्यांनी ओळखला. धूर माझा, तो मी त्यांच्या नाकात घातला. एवढे नीट शिकणारे शिष्य साऱ्या नदीकाठात कुणाला मिळाले नसतील. आणि आता मलाही मोहाचा वास येत नाही. नापास झालंय ते हे नाक."

असे म्हणून त्याने सगळ्यांदेखत वाळूत नाक घासले.

वाळूत लोळणारे उठून बसले. लांडग्याने उगाचच घसा खाकरला. वानरिणीने निकाल सांगितला, उंबराखालची शाळा जिंकली. वडपीठ हरले होते, त्यात काही लपवण्यासारखे नव्हते. परतताना अस्वलाची मान खाली होती, त्यामुळे त्या वर्षी ते पहिल्यांदाच दगडाला ठेचकाळले नाही. पण मला विचाराल तर ज्या क्षणी त्याने ते नाक वाळूत घासले, त्या क्षणी ते जितके वर होते तितके आधी कधीच नव्हते.

वडाखाली पुन्हा सभा बसली. साळिंदराने काटे फुलवले. "मी आधीच सांगत होतो! वडपीठाचं नाक कापलं यानं. आता तरी याला हाकला."

एवढ्यात थोरली माशी फांदीवरून खाली उतरली. सगळ्यांना वाटले, आता हीही तेच म्हणणार. तिचा सगळ्यांत जास्त छळ झालेला होता.

"आम्ही धूर नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "अस्वल नको, असं कधी म्हटलं? आपल्या पोळ्याखाली बसून मध न खाणारं अस्वल दुसऱ्या कुठल्या रानात मिळेल मला? आणि चारचौघांत स्वतःचं नाक घासणारा गुरू तुम्हाला तरी कुठं मिळेल?"

साळिंदराचे काटे हळूहळू बसले. गवा अस्वलाकडे वळला. "माझे दोन नियम फुकट गेले, गुरुजी. तिसरा तुम्हीच सांगा."

अस्वलाने थोडा विचार केला. "जागा बघू नका, वारा बघा. माझा धूर ज्या ठिकाणाहून दुसऱ्या कुणाच्या नाकाला लागेल, तिथं सुरळी पेटवायची नाही. मग तो वड असो, पारंबी असो, नाहीतर मोकळं रान असो."

"आणि तुमचा हक्क?" कोल्हा ताडकन म्हणाला. "तो सोडलात?"

"सोडतो कशाला? ओढ्यापलीकडे काळा कातळ आहे. तिथला वारा सरळ खाली दरीत जातो आणि दरीत कुणी राहत नाही. तिथं मी काय करतो ते माझं मी बघेन. कुणी दरीत राहायला आलं तर तो कातळही सोडीन. पण तोवर तिथं येऊन मला कुणी शहाणपण शिकवायचं नाही." त्याने साळिंदराकडे पाहिले. "काटे फुलवून तर नाहीच नाही."

"कबूल," साळिंदर पुटपुटले.

"म्हणजे शेवटी तुम्ही हरलातच," कोल्हा म्हणाला.

"हरलो कुठं?" अस्वल म्हणाले. "माझा धूर माझ्याकडे राहिला आणि ज्याचा वारा त्याला मिळाला. हरला असशील तर तू, कोल्होबा. तुझं भांडण गेलं."

गवा बऱ्याच दिवसांनी हसला.

दुसऱ्या दिवशी अस्वलाने आणखी एक गोष्ट केली, आणि ती वडाजवळचा धूर सोडण्याहून अवघड होती. त्याने उष्टावणीचा रिवाज उलटा केला. आधी शिष्यांनी हुंगायचे आणि मग गुरुजींनी. त्याने मोहाचे फूल मुंगसापुढे धरले. "सांग, कसला वास येतोय?"

मुंगूस घुटमळले. "गुरुजी, तुमच्या पंजाला अजून धूर आहे."

अस्वल उठले, ओढ्यावर गेले, वाळूने पंजे खसखसून घासले आणि परत आले. "आता?"

"आता थोडासा आहे."

अस्वल पुन्हा ओढ्यावर गेले. एवढा मोठा गुरू शिष्याच्या सांगण्यावरून पंजे घासत बसलेला पाहून माकडे फांद्यांवरून खुदखुदली, पण अस्वलाने तिकडे लक्ष दिले नाही. ते परत आले तेव्हा मुंगसाने फूल हुंगले आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"गुरुजी! मोह असा असतो?"

"असाच असेल," अस्वल म्हणाले. त्याला स्वतःला अजून काहीच येत नव्हते. "कसा आहे ते मला नीट सांग. या खेपेला मी तुझ्याकडून शिकतो."

आणि मुंगसाने सांगितले. गोड आहे, थोडा उबट आहे, पिकल्या फळासारखा आहे, पण फळाचा नाही. अस्वल डोळे मिटून ऐकत राहिले. असे कित्येक दिवस चालले. मग एका सकाळी ओढ्यावरून येताना अस्वल मध्येच थांबले. कुठूनतरी मोहाचा वास येत होता. झाड अजून दिसत नव्हते. अस्वल तिथेच खाली बसले आणि एकट्याने पोटभर रडले. आनंदाने, हे वेगळे सांगायला नको.

मधमाश्यांनी दुसरे झाड शोधणे सोडून दिले. कातळावर अस्वल अजून जाते की नाही, ते मात्र मला ठाऊक नाही. मी विचारले नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

पुढच्या वर्षी रान पुन्हा मोहरले. नदीवर पुन्हा दोन्ही शाळा बसल्या. द्रोणामागून द्रोण फिरले. मोह, वाळा, करवंदी, सापाची कात, दगडफूल, सगळे काही दोन्हीकडच्या शिष्यांनी बरोबर ओळखले. निकाल लागेना. तेव्हा लांडगा वानरिणीला म्हणाला, "शेवटचा द्रोण मी देतो." वानरिणीने होकार दिला. लांडग्याने एक झाकलेला द्रोण आणून आधी आपल्या शिष्यापुढे धरला. शिष्याने पुष्कळ हुंगले आणि गोंधळून म्हणाला, "वाघाटीचं फूल असावं." लांडग्याने नकारार्थी मान हलवली. मग द्रोण मुंगसापुढे आला.

मुंगूस डोळे मिटून उभे राहिले. त्याला घाई नव्हती. गेल्या वर्षीचे हसू आठवून सशाने कान पाडले. लांब बसलेल्या अस्वलाने श्वास रोखून धरला.

"यात काही नाही," मुंगूस म्हणाले. "रिकामा आहे. नुसता वारा आहे यात."

लांडगा चकित झाला. द्रोण खरोखरच रिकामा होता. पण एवढ्यावर सोडायला तो तयार नव्हता. "वारा तर वारा. कुठला वारा, ते सांग की."

मुंगसाने पुन्हा एकदा हुंगले, आणि त्याच्या तोंडावर हसू आले.

"आमच्याकडून येतोय तो. त्यात वडाची पिकली फळं आहेत. पोळ्यातला मध आहे, म्हणजे माश्या घरीच आहेत. ओढ्याची ओली वाळू आहे." ते थोडे थांबले. "आणि धूर कुठंच नाही."

वानरिणीने वडाच्या दिशेला तोंड करून पाहिले. वारा खरोखरच तिकडून येत होता. तिने द्रोण उलटा करून सगळ्यांना दाखवला आणि निकाल सांगितला. सगळ्यांत आधी लांडगाच उठला आणि अस्वलापुढे लवला. थोरली माशी मुंगसाच्या डोक्याभोवती दोन घिरट्या घालून आली. कोल्हासुद्धा ‘वडपीठ जिंकलं!’ म्हणून ओरडत होता, अर्थात सर्वांत मोठ्याने.

मुंगसाला खांद्यावर बसवून अस्वल घरी निघाले. त्याचे नाक नेहमीसारखेच वर होते, आणि तो जुना दगड आल्यावर ते ठरल्याप्रमाणे ठेचकाळले. पण त्या दिवशी त्याच्या पाठीमागे कोणी डोळा घातला नाही. साळिंदर आपल्या पिल्लांना पुढे ढकलून सांगत होते, "बघा रे, नीट बघून घ्या! आपले गुरुजी चाललेत."

तात्पर्य : धूर आपला असला, तरी वारा सगळ्यांचा असतो, आणि आपली चूक चारचौघांत कबूल करणाऱ्याचे नाक कधी कापले जात नाही.